डिफेक्टर: आधी हिशेब वाचा, मग लेख

कुठलीही क्रीडा-साइट पहिल्यांदा उघडली की मी बातमी नंतर वाचते. आधी बघते ते पानावर पैसा कुठून येतोय. सामन्याच्या प्रिव्ह्यूच्या मधोमध सट्ट्याच्या भावांचा चौकोन आहे का, ‘आमच्या भागीदारांकडून’ असल्या मोघम पट्टीखाली जाहिरात दडवली आहे का, बुटांच्या ‘परीक्षणा’खाली विकत घ्यायची लिंक टांगली आहे का. क्रीडा डेस्कवर काही वर्षं काढल्यामुळे लागलेली ही खोड आहे. त्यामुळे ‘डिफेक्टर’ या अमेरिकी साइटबद्दल लिहायचं ठरवल्यावरही लेखांच्या आधी मी हिशेब शोधायला गेले. आणि तो चक्क सापडला. साइट आपला वार्षिक अहवाल वाचकांसमोर ठेवते. पहिल्या वर्षी, म्हणजे सप्टेंबर २०२० पासूनच्या बारा महिन्यांत, उत्पन्न झालं सुमारे ३२ लाख डॉलर आणि त्यातला ९५ टक्क्यांच्या आसपासचा वाटा वर्गणीचा होता. जाहिराती अगदीच नाहीत असं नाही, पॉडकास्टना आहेत. पण घर चालतं ते वाचकाच्या पैशावर.

डिफेक्टर ही तिथे काम करणाऱ्यांच्याच मालकीची कंपनी आहे. सुरुवात केली १९ जणांनी, आणि यातले जवळजवळ सगळे आधी ‘डेडस्पिन’ या क्रीडा-ब्लॉगवर होते. संपादक टॉम ले हेही त्यांच्यातलेच, पण त्यांची खुर्ची पक्की नाही. दोन तृतीयांश सहकाऱ्यांनी ठरवलं तर संपादकाला घरी पाठवता येईल अशी तरतूद सुरुवातीलाच करून ठेवली. साइट निघाली तेव्हा साधी वर्गणी महिना ८ डॉलर होती, आणि लेखांखाली प्रतिक्रिया लिहायची असेल तर १२ डॉलर. म्हणजे वाचायचे कमी पैसे आणि बोलायचे जास्त. इंटरनेटवरच्या खेळ-चर्चांचा ज्यांना अनुभव आहे त्यांना हा दर अगदी रास्त वाटेल.

ही साइट का निघाली ते कळल्याशिवाय तिचं मोल कळत नाही, म्हणून थोडं मागे जाते.

डेडस्पिन सुरू झाला २००५ मध्ये. विल लीच हे पहिले संपादक आणि मालक गॉकर मीडिया. ब्रीदवाक्य असं की भीती, मर्जी आणि तडजोड यांच्याविना खेळाच्या बातम्या. अशी ब्रीदवाक्यं सगळेच लावतात, पण डेडस्पिनला ते पाळणं सोपं होतं, कारण त्यांच्याकडे गमावण्यासारखं काही नव्हतं. प्रेस बॉक्समध्ये राखीव खुर्ची नाही, संघाच्या जनसंपर्क अधिकाऱ्याचा खासगी नंबर नाही, सामन्याच्या प्रक्षेपणाचे हक्क नाहीत. खेळाच्या पत्रकारितेत सगळ्यात महाग वस्तू म्हणजे आत जायला मिळणं. ज्याला ते मिळतं तो ते टिकवण्यासाठी हळूहळू प्रश्न गिळायला लागतो. त्याला पैसे कुणी दिलेले नसतात, फक्त पुढच्या वेळी दार उघडेल की नाही ही धास्ती असते.

जानेवारी २०१३ मध्ये टिमथी बर्क आणि जॅक डिकी या दोघांनी डेडस्पिनवर एक बातमी लावली. नोत्र दाम विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉलपटू मँटाय टेओ याची प्रेयसी ऐन हंगामात वारली, आणि ते दुःख पोटात घालून तो खेळला, अशी हृदयद्रावक कहाणी तेव्हा अमेरिकेतल्या मोठमोठ्या माध्यमांनी सांगून झाली होती. बर्क आणि डिकी यांनी दाखवून दिलं की अशी कुणी मुलगी अस्तित्वातच नव्हती. टेओलाच कुणीतरी फसवलं होतं. मृत्यूची नोंद शोधणं, अपघाताची बातमी शोधणं, फोटो कुणाचा आहे ते तपासणं, एवढंच काम होतं. डेस्कवरचा नवखा मुलगाही ते करू शकला असता. मोठ्यांनी केलं नाही, कारण कहाणी छान चालली होती. चालणाऱ्या कहाणीला खोदून बघायला कुणाला फुरसत असते?

मग मालक बदलत गेले. २०१६ मध्ये कुस्तीपटू हल्क होगनच्या खटल्यात गॉकरवर १४ कोटी डॉलरचा निकाल लागला. खटल्याचा खर्च अब्जाधीश पीटर थील यांनी पडद्यामागून उचलला होता. गॉकर दिवाळखोरीत गेली, तिच्या साइट युनिव्हिजन या माध्यम कंपनीने साडेतेरा कोटी डॉलरना घेतल्या, आणि एप्रिल २०१९ मध्ये त्या ग्रेट हिल पार्टनर्स या गुंतवणूक कंपनीकडे आल्या. कंपनीचं नाव झालं जी/ओ मीडिया. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संपादक मेगन ग्रीनवेल यांनी राजीनामा दिला आणि जाता जाता एक लेख लिहिला. वरून सांगितलं जात होतं की खेळापुरतं लिहा. त्यांनी लिहिलं की खेळाबाहेरच्या लेखांनाच वाचक जास्त मिळतात. म्हणजे निव्वळ धंद्याच्या हिशेबानेही तो हुकूम चुकीचा होता. हे वाचून मला हसू आलं होतं. संपादकीय विभागाला ‘तुम्हाला धंदा कळत नाही’ असं ऐकवणारे पुष्कळ भेटतात. आकडे पुढे टाकून ‘तुम्हालाही कळत नाही’ असं सांगणारी संपादक क्वचित.

ऑक्टोबर २०१९ मध्ये भडका उडाला. ‘खेळालाच चिकटून राहा’ असा लेखी आदेश आला. कर्मचाऱ्यांनी उत्तरादाखल मुखपृष्ठावर खेळाशी संबंध नसलेले, पण भरपूर वाचले गेलेले जुने लेख मांडून ठेवले. हंगामी संपादक बॅरी पेचेस्की यांना काढलं गेलं आणि काही दिवसांत अख्खा संपादकीय विभाग राजीनामे देऊन बाहेर पडला. जगभर गाजला तो हा आदेश आणि हे राजीनामे. मला मात्र त्याच आठवड्यातली जाहिरातीची गोष्ट जास्त बोलकी वाटते. एका विमा कंपनीशी सुमारे १० लाख डॉलरचा करार झाला होता. त्यापोटी पान उघडलं की आवाजासकट आपोआप सुरू होणारे व्हिडिओ वाचकाच्या अंगावर सोडले जात होते. वाचक वैतागले. संपादकीय विभागाने साइटवर मजकूर टाकला, साधारण असा की हे आम्हालाही आवडत नाही, तक्रार करायची तर इथे करा. व्यवस्थापनाने तो मजकूर उतरवला. थोड्याच दिवसांत जाहिरातदाराने कॅम्पेन काढून घेतलं.

क्रम बघा. जाहिरातदाराने संपादकाला फोन केला, बातमी दाबली, असलं सिनेमात दाखवतात तसं काहीच घडलेलं नाही. जाहिरात जितक्या वेळा दाखवायचं कबूल केलं होतं त्या मानाने येणारे वाचक कमी, म्हणून पान असह्य झालं. पान असह्य झालं म्हणून वाचकाची बाजू घ्यावी लागली. आणि वाचकाची बाजू घेणं हा कंपनीच्या नजरेत गुन्हा ठरला. दर्जा घसरतो तो असा, एक्सेलच्या एखाद्या रकान्यातून.

मी जिथे होते त्या साइटचं नाव घेत नाही. घेऊन उपयोगही नाही, तशा खंडीभर आहेत. डेस्कच्या समोरच्या भिंतीवर मोठा स्क्रीन होता. कुठली कॉपी, म्हणजे कुणाचा मजकूर, आत्ता किती जण वाचताहेत, बाण हिरवा की लाल, आणि प्रत्येक कॉपीसमोर लिहिणाऱ्याचं नाव. कुणी काही बोलायचं नाही. गरजच नव्हती. लाल बाणासमोर आपलं नाव दिवसभर बघून माणूस दुसऱ्या दिवशी आपणहून विचारतो, ‘सर, आजच्या मॅचचं किती वाजता, कुठे दिसणार ते मी करून टाकू का?’

हा ‘किती वाजता, कुठे दिसणार’ प्रकार ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. सामन्याच्या दिवशी लाखो लोक सर्च इंजिनमध्ये तोच एक प्रश्न टाइप करतात. उत्तर एका ओळीचं असतं. पण एका ओळीच्या पानावर जाहिराती किती मावणार? म्हणून आधी दोन्ही संघांचा इतिहास, मग मागच्या भेटींचे निकाल, मग मैदान, मग हवामान, आणि वाचक खाली खाली सरकत थकला की वेळ. २०११ मध्ये हफिंग्टन पोस्टने ‘सुपर बोल किती वाजता सुरू होतो?’ या मथळ्याचं पान लावलं (सुपर बोल म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना) आणि त्याला एवढे वाचक मिळाले की तो या धंद्यातला धडाच होऊन बसला. त्याच काळात ब्लीचर रिपोर्ट ही साइट दहा-वीस पानांच्या स्लाइड शोंसाठी ओळखली जायची. प्रत्येक खेळाडूला एक क्लिक. लिहिणाऱ्यांतले बरेच जण हौशी, फुकट लिहिणारे. लोक काय शोधताहेत ते पाहून आधी मथळा ठरायचा, मजकूर नंतर. २०१२ मध्ये टर्नर या माध्यम कंपनीने ती कंपनी मोठी रक्कम मोजून विकत घेतली, आणि त्यानंतर कुठल्याही डेस्कवर ‘हे वाईट आहे’ म्हणायची सोय उरली नाही.

आता होल्डवर टाकलेल्या स्टोरीचं सांगते. आमच्या एका रिपोर्टरने एका लीगमधल्या खेळाडूंचं मानधन कित्येक महिने थकल्याची बातमी आणली होती. करारांच्या प्रती, ईमेल, तीन खेळाडू नावानिशी बोलायला तयार. कॉपी माझ्याकडे आली, मी वाचली, शंका विचारल्या, तिने उत्तरं दिली, कायदेशीर नजरही फिरवून झाली. त्याच आठवड्यात लीगच्या मुख्य प्रायोजकाचं कॅम्पेन आमच्या होमपेजवर सुरू होतं. मार्केटिंगमधून कुणी दम दिला नाही. आमच्या डेस्कप्रमुखांनीच जाता जाता टेबलापाशी थांबून अगदी प्रेमाने सांगितलं, ‘स्टोरी उत्तम आहे गं. फक्त जरा होल्ड कर, कॅम्पेन संपू दे.’ कॅम्पेन संपलं. तोवर लीगने मानधन देऊन टाकलं होतं. मग बातमी लागली ती चार परिच्छेदांची: थकीत मानधन अखेर मिळालं, खेळाडूंना दिलासा. यात एकही वाक्य खोटं नव्हतं. रिपोर्टरने नंतर तो विषय सोडला आणि ट्रान्सफरच्या अफवा करायला लागली. बाण हिरवा झाला तिचा.

त्यामुळे कुणी ‘आमची संपादकीय धोरणं पूर्ण स्वतंत्र आहेत’ असं पान दाखवलं की मी विचारते, होल्डवर काय काय आहे? छापलेल्या मजकुराची तपासणी सगळे करतात, न छापलेल्याची कुणी करत नाही.

हे सगळं बेटिंगच्या आधीचं. मे २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ चा तो केंद्रीय कायदा रद्द केला, ज्यामुळे बहुतेक राज्यांत खेळांवर सट्टा लावायला कायदेशीर मुभा नव्हती. एकामागून एक राज्यांनी दारं उघडली आणि क्रीडा-साइटना असा जाहिरातदार मिळाला जो आधीच्या सगळ्यांपेक्षा जास्त पैसे देतो. पैसे देण्याची पद्धत समजून घ्यायला हवी, कारण खरी गोम तिथे आहे. बॅनर लावला आणि भाडं घेतलं, असा हा सरळ सौदा नसतो. साइटवरच्या लिंकवरून वाचक सट्टा कंपनीकडे गेला, खातं उघडून पैसे भरले, की साइटला त्या डोक्यामागे ठरावीक रक्कम मिळते. दुसऱ्या प्रकारात त्या ग्राहकाकडून कंपनीला जो महसूल मिळेल त्यात साइटची टक्केवारी असते. आणि सट्टा कंपनीचा महसूल म्हणजे काय? ग्राहक जे हरतो ते. म्हणजे वाचक जितका जास्त हरेल तितका त्याला सामना समजावून सांगणाऱ्याचा फायदा. बूट विकणाऱ्या साइटला निदान वाचकाच्या पायात बूट नीट बसावा असं वाटण्याचं काही कारण तरी असतं.

आता त्याच पानावर प्रिव्ह्यू लिहिणाऱ्याची अवस्था बघा. ‘सामना एकतर्फी होईल, विशेष सांगण्यासारखं काही नाही’ असं प्रामाणिक वाक्य लिहायची त्याला सोय नाही. प्रत्येक सामन्यात काहीतरी ‘दडलेली संधी’ सापडलीच पाहिजे. दुखापतीची बातमी पूर्वी संघाची बातमी होती, आता ती भावांची बातमी आहे.

जून २०२३ मधला एनबीए या बास्केटबॉल लीगचा ड्राफ्ट, म्हणजे संघांनी क्रमाने नवे खेळाडू निवडण्याचा कार्यक्रम, याचं फार चांगलं उदाहरण आहे. शॅम्स शरानिया तेव्हा ‘द अ‍ॅथलेटिक’ या क्रीडा-साइटचे आघाडीचे बातमीदार होते आणि त्याच वेळी फॅनड्युएल या सट्टा कंपनीशीही त्यांचा करार होता. ड्राफ्टच्या दिवशी त्यांनी लिहिलं की दुसऱ्या क्रमांकासाठी स्कूट हेंडरसनचं पारडं जड होतंय. भाव क्षणात हेंडरसनच्या बाजूने फिरले. त्या क्रमांकावर शार्लटच्या संघाने निवडलं ब्रँडन मिलरला. कुणी लबाडी केली असं कुठेही सिद्ध झालेलं नाही, तसं सुचवायचंही नाही. बातमीदाराला मिळालेली माहिती चुकू शकते, रोज चुकते. पण पूर्वी असं चुकलं तर वाचक ‘फुसका बार’ म्हणून सोडून द्यायचा. आता तोच वाचक विचारतो की या चुकण्यात कुणाचे किती गेले आणि कुणाचे किती आले. त्या प्रश्नाला बातमीदाराकडे उत्तर नसतं, आणि मुळात तो प्रश्न विचारला जाणं हीच खाल्ल्या मिठाची किंमत.

पुढची पायरी म्हणजे जाहिरातदारानेच साइट विकत घेणं. बेटर कलेक्टिव्ह या डॅनिश अ‍ॅफिलिएट, म्हणजे सट्टा कंपन्यांना ग्राहक आणून देणाऱ्या, कंपनीने २०२१ मध्ये अ‍ॅक्शन नेटवर्क ही सट्ट्याच्या बातम्यांची साइट २४ कोटी डॉलरला घेतली. ईएसपीएनने २०२३ मध्ये पेन एंटरटेनमेंट या जुगार कंपनीशी दहा वर्षांचा दीड अब्ज डॉलरचा करार करून स्वतःचं नावच सट्ट्याच्या अ‍ॅपला दिलं. तो करार २०२५ मध्येच गुंडाळावा लागला, ही वेगळी गोष्ट. आणि डेडस्पिन? मार्च २०२४ मध्ये जी/ओने ते नाव माल्टामधल्या लाइनअप पब्लिशिंग या कंपनीला विकलं आणि उरलासुरला सगळा स्टाफ कमी झाला. माल्टा हे ऑनलाइन जुगार कंपन्यांचं माहेरघर. भीती, मर्जी आणि तडजोड यांच्याविना चाललेली साइट शेवटी तिथे जाऊन पोचली.

स्पोर्ट्स इलस्ट्रेटेडबद्दल फार लिहीत नाही, ते सगळ्यांनी वाचलंय. १९५४ पासूनचं नियतकालिक. नाव एकाकडे, चालवण्याचा परवाना दुसऱ्याकडे. नोव्हेंबर २०२३ मध्ये फ्यूचरिझम या साइटने दाखवलं की त्यांच्या साइटवर वस्तूंची परीक्षणं लिहिणारे काही ‘लेखक’ मुळात माणसंच नव्हते, फोटोही यंत्राने बनवलेले. मजकूर तिसऱ्याच कंपनीकडून आला होता, असं उत्तर मिळालं. दोन महिन्यांत ३७.५ लाख डॉलरचा हप्ता चुकला आणि परवानाही गेला. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

एवढ्या पार्श्वभूमीवर डिफेक्टर वाचायला घेतलं की पहिली जाणवते ती सैल, निवांत चाल. लेख लांब असेल तर लांब असण्याचं काही कारण असतं, आणि सांगण्यासारखं दोन परिच्छेदांचंच असेल तर तो दोन परिच्छेदांत संपतो. सर्च इंजिनला खूश करायला मथळ्यात खेळाडूची नावं कोंबलेली नसतात. मथळा वाचून हसू येतं, कधी काही कळतच नाही आणि आत जावं लागतं, पण आत गेल्यावर फसवल्यासारखं वाटत नाही. ड्रू मॅगरी दर हंगामाआधी एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगच्या प्रत्येक संघाची जी यथेच्छ सालटी काढतात ती मालिका डेडस्पिनवरून इथे आली. डेव्हिड रॉथ यांचं गद्य मला फार आवडतं. एखाद्या फालतू सामन्याबद्दल लिहितानाही ते मालक, पैसा आणि माणसाची हाव यांच्यापर्यंत पोचतात आणि परत चेंडूवर येतात. डायना मॉस्कोविट्झ यांचं काम अगदी दुसऱ्या टोकाचं: कागदपत्रं, न्यायालयाच्या नोंदी, खेळाडूंवरचे हिंसाचाराचे आरोप आणि ते झाकणाऱ्या संस्था. असे लेख वाचताना मी सवयीने भावांचा चौकोन शोधते.

आणि इथे खेळाला चिकटून राहायची सक्ती नाही. ‘नॉर्मल गॉसिप’ हे त्यांचं गाजलेलं पॉडकास्ट २०२२ च्या जानेवारीत सुरू झालं आणि त्याचा खेळाशी काडीचाही संबंध नाही. अनोळखी लोकांच्या निरुपद्रवी भानगडी सांगतात. ज्या मुद्द्यावरून नोकऱ्या गेल्या त्याच मुद्द्यावर बाहेर येऊन त्यांनी गल्ला भरला. मेगन ग्रीनवेल यांचे आकडे बरोबर होते तर.

आता खटकणाऱ्या गोष्टी. वर्गणीदार हाही एक जाहिरातदारच असतो, फक्त तो बॅनर लावत नाही. महिन्याच्या महिन्याला पैसे देणाऱ्या माणसाला काय आवडतं ते लिहिणाऱ्याला लवकर कळतं, विशेषतः त्या माणसाला प्रतिक्रियांमध्ये बोलायचीही सोय असेल तेव्हा. डिफेक्टरवर सरसकट एक सूर लागलेला असतो: संघमालक लोभी, व्यवस्थापन मठ्ठ, लीग ढोंगी. बहुतेक वेळा ते खरंच असतं! पण अमुक एका मालकाने या वेळी बरोबर निर्णय घेतला, असं लिहिलेला लेख शोधायला गेलं तर शोधतच राहावं लागतं. आमच्या डेस्कवर प्रायोजकाला दुखवायचं नसे. इथे वर्गणीदाराला दुखवायचं नसतं असं मी म्हणणार नाही, तसा पुरावा माझ्याकडे नाही. पण घरच्या मैफिलीत गायक टाळ्या मिळणारी तान पुन्हा घेतो, तसं काही लेखांत होतं खरं.

दुसरं म्हणजे, ही बातम्यांची साइट नाही. काल रात्री काय झालं हे ठाऊक असलेल्यांसाठी ती लिहिली जाते. धावफलक, संघनिवड, रोजची दुखापत-यादी इथे शोधू नका. विषय बहुतांशी अमेरिकी आहेत, आणि जुन्या डेडस्पिनचे विनोद पाठ नसतील तर सुरुवातीला पाहुण्यासारखं वाटतं. तिसरी गोष्ट त्यांच्या हातात नाही: एखाद्या लीगने दडवलेलं काही त्यांनी उघडकीला आणलं तरी ते वर्गणीच्या भिंतीआड राहिलं तर सट्ट्याच्या पानांवर फुकट वाचणाऱ्या वाचकापर्यंत पोचत नाही. त्याला मिळतो तो ‘दडलेल्या संधी’चा प्रिव्ह्यूच.

वर्गणी घेतली म्हणजे आपोआप सोवळं राहता येतं असंही नाही. द अ‍ॅथलेटिक २०१६ मध्ये वर्गणीवरच उभं राहिलं, जाहिरातींशिवाय. पण त्यामागे गुंतवणूकदारांचा पैसा होता आणि त्याला परतावा हवा होता. २०२१ मध्ये बेटएमजीएम या सट्टा कंपनीशी भागीदारी आली, २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ५५ कोटी डॉलरला कंपनी घेतली, त्याच वर्षी पानांवर जाहिराती आल्या आणि २०२३ च्या जूनमध्ये सुमारे २० बातमीदार कमी झाले. रोजच्या बातमीदारीत ती साइट डिफेक्टरच्या कितीतरी पुढे आहे, हेही मान्य करते. त्यांच्याकडे माणसं आहेत. डिफेक्टरकडे मोजकी माणसं आहेत, पण त्यांच्या डोक्यावर विकून बाहेर पडायची घाई असलेला कुणी बसलेला नाही.

हौशी लेखकांचंही इथे सांगायला हवं, कारण ब्लॉगचा मूळ जीव तेच होते. एसबी नेशनचं जाळं प्रत्येक संघाच्या चाहत्यांनी लिहिलेल्या साइटवर उभं राहिलं, मोबदला तुटपुंजा. डिसेंबर २०१९ मध्ये, कॅलिफोर्नियात कंत्राटी कामाबद्दलचा नवा कायदा लागू व्हायच्या तोंडावर, मालक कंपनी व्हॉक्सने त्या राज्यातल्या सुमारे २०० फ्रीलान्स लेखकांचं काम थांबवलं आणि थोड्याशाच नोकऱ्या काढल्या. डिफेक्टरमध्ये मालकी आहे, पण ती आत असलेल्यांची. बाहेरून लेख पाठवणाऱ्याच्या वाट्याला हे सगळं नीतिमान अर्थकारण कितपत येतं, हे मला त्यांच्या अहवालांतून आणखी सविस्तर वाचायला आवडेल.

डिफेक्टरची वर्गणी घ्यावी का? एनएफएल, एनबीए किंवा बेसबॉल तुम्ही मुळात बघतच नसाल तर नको. निम्मे लेख डोक्यावरून जातील. रोज सकाळी निकाल आणि बातम्या हव्या असतील तरी नको. क्रीडा पत्रकारितेत काम करत असाल, करायचं असेल, किंवा खेळाबद्दल चांगलं गद्य वाचायची भूक असेल तर जरूर घ्या. आधी एका महिन्यापुरती, तीही एनएफएलचा हंगाम सुरू होण्याच्या सुमारास, म्हणजे मॅगरींची मालिका हाती लागेल. प्रतिक्रियांचा वरचा दर सुरुवातीलाच भरू नका. आणि तुम्ही सध्या कुठल्या साइटवर काम करत असाल, तर डिफेक्टरच्या वार्षिक अहवालाची लिंक एकदा आपल्या डेस्कच्या ग्रुपवर टाकून बघा. मार्केटिंगवालेही त्या ग्रुपवर असतील तर उत्तमच.